सरदाराचं शेवटचं पान

आईला तो सरदार आवडायचा, आणि माझा त्याच्यावर पहिल्या पानापासून संशय होता.

हा सरदार खरा नव्हता, हे आधी सांगून टाकते. तो उस्मानपुऱ्यातल्या आमच्या वाचनालयातल्या एका जाडजूड कादंबरीत राहायचा. आई दर आठवड्याला तिथून ऐतिहासिक कादंबरी आणायची. ऐतिहासिक म्हणजे इतिहास तोंडी लावण्यापुरता, बाकी सगळं ताट प्रेमाचं. किल्ला, मशाली, घोडे, आणि मधोमध एक खडूस पुरुष. नाव बदलायचं, मिशी तीच. तो कुणाशी धड बोलायचा नाही. नायिका घोड्यावरून पडली तर आधी घोड्याला लागलं का ते बघायचा. भर दरबारात तिचा अपमान करायचा, आणि आई उशीला टेकून, चष्मा वर सरकवत, गालातल्या गालात हसत पान उलटायची.

मला हे हसणं खटकायचं. कारण आमच्या घरातला पुरुष नेमका उलटा होता. बाबा कन्नडकडचे, भावांवर शेती सोपवून नोकरीसाठी शहरात आलेले. त्यांचा आवाज शेजारच्या खोलीतही जायचा नाही. सकाळचा चहा तेच करायचे आणि आईच्या उशाशी कप ठेवून, तिची झोप मोडू नये म्हणून, चोरपावलांनी परत जायचे. असा नवरा असताना हिला तो कप भिंतीवर फेकणारा माणूस का हवा? मी मनातल्या मनात चौकशी मांडली. आईच्या माहेरी कुणी असा होता का? तिला कुणी नकार दिला होता का? एकदा मी सरळ विचारलंही. ती म्हणाली, "अगं, तो पुस्तकातला आहे. मला काय करणार आहे तो?" उत्तर फार पटकन आलं, म्हणून माझा संशय वाढला.

संशय घेणं हा तसा माझा धंदाच होता. जालना रोडवर एका बिल्डरच्या बुकिंग ऑफिसात मी बसायचे. शहर शेंद्र्याच्या दिशेनं पसरत चाललं होतं, काल ज्वारी उभी होती तिथं आज चुन्याच्या फक्कीनं प्लॉट आखलेले असायचे. आमच्या भिंतीवर कारंज्याचं मोठं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, चोवीस तास पाणी. साइटवर बोअर कोरडी गेलेली. आमचे साहेब इतकं मिठास बोलायचे की गिऱ्हाईक जाताना त्यांच्या पाया पडायचं बाकी ठेवायचं. हे रोज बघून मी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती, की गोड बोलणारा माणूस काहीतरी लपवत असतो. ओळखीचं कुणी हसून "कशी आहेस?" म्हणालं तरी मी पर्स सावरायचे.

दुष्काळाची ती वर्षं. नळ कधी यायचा ते नळालाच ठाऊक. आमच्या गल्लीत टँकर यायचा, पण सांगितलेल्या वेळेला कधीच नाही. त्यामुळे दुपारी ड्रम ओळीनं लावायचे आणि बायकांनी आमच्या बिल्डिंगच्या जिन्याच्या पायऱ्यांवर, सावलीत, वाट बघत बसायचं, असा रिवाज पडला होता. सुरुवातीला भांडणं व्हायची. कुणाचा ड्रम पुढं सरकला, कुणी पाइप आधी ओढला. मग आईनं एक दिवस वेळ जावा म्हणून त्या सरदाराची गोष्ट सांगायला घेतली, आणि भांडणं बंद झाली. मीही ऑफिसातून दुपारी जेवायला घरी आले की ऐकायचे. ती वाचून दाखवायची नाही, सांगायची. पुस्तक मात्र मांडीवर ठेवायची, पुरावा असावा तसं. टँकरचा हॉर्न ऐकू आला की गोष्ट तिथंच थांबायची, मग सरदार तलवार उपसून उभा असला तरी बेहत्तर.

गोष्टीत नेमका पाण्याचाच तंटा होता. दौलताबादच्या बाजूचा एक किल्लेदार सरदार. खाली गाव. गावातल्या मुलीनं त्याला उलट उत्तर दिलं म्हणून त्यानं गावच्या बारवेवर साखळदंड घातला आणि पहारा बसवला. मुलगी माफी मागेल तेव्हा बारव उघडेल म्हणाला. मुलगी माफी मागेना. तोही ऐकेना. आणि याच दोघांचं पुढं जुळणार, हे पायऱ्यांवर सगळ्यांना आधीच कळलेलं.

"कसला मर्द म्हनायचा ह्यो," पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणायच्या. "पानी आडवितो! अशाला आमच्या गावात लोकांनी जोड्यानं हानला असता."

या काकू करमाडच्या. तिकडं त्यांच्या माहेरची भरपूर जमीन, इथं नवऱ्याचे दोन फ्लॅट भाड्यानं दिलेले. हातभर बांगड्या घालून त्या टँकरच्या रांगेत यायच्या आणि रांगेतल्या सगळ्यांवर हुकूम सोडायच्या. सरदार त्यांना अजिबात पसंत नव्हता, तरी एक दिवस चुकवत नव्हत्या.

"तापट आहे, पण आतून मऊ आहे हो वहिनी," आई सरदाराची बाजू घ्यायची.

"तुमाला कसं ठाव?"

आईला ठाऊक असायचं, कारण तिची एक खोड होती. वाचनालयात पुस्तक हातात आलं की ती आधी शेवटचं पान उघडायची. उभ्या उभ्या, कपाटाला टेकून वाचायची. वाचनालयवाले चिडायचे. "ताई, शेवट इथंच वाचला तर घरी काय नेता, पुठ्ठा?" आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची. शेवटी तो खडूस पुरुष माणसात आला असेल तरच पुस्तक पिशवीत पडायचं, नाही तर मुकाट्यानं परत फळीवर. मला हे पेपर फोडून परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. काय होणार हे आधीच कळलं तर मधली एवढी पानं कशासाठी वाचायची, असं मी म्हटलं की ती म्हणायची, "तेव्हाच तर मजा येते. मग तो कितीही वाईट वागला तरी भीती वाटत नाही."

याच काकूंनी माझ्यासाठी स्थळ आणलं.

मुलगा त्यांच्या माहेरच्या भावकीतला. इंजिनिअर, शेंद्र्याच्या एका कंपनीत नोकरी, करमाडजवळ घरची मोसंबीची बाग. काकूंनी त्याचं वर्णन करताना ते ठरलेलं वाक्य वापरलं, जे आपल्याकडं प्रत्येक उद्धट मुलाच्या नावापुढं डिग्रीसारखं लावतात. "जरा तापट हाय, पन मनात काय ठिवत नाय."

तो आला. आईनं लिंबाचं सरबत पुढं केलं तर "नको" म्हणाला. कृपया नाही, आभार नाही, नुसतंच नको. बाबा हवापाण्याचं बोलावं म्हणून म्हणाले, "सध्या इकडं पाण्याचा फार प्रश्न आहे हो."

"मग इथं राहता कशाला?" तो म्हणाला.

बाबा कसनुसं हसले. त्याच्याबरोबर आलेला चुलता मला स्वयंपाकाचं विचारायला लागला तेव्हा तो त्याच्यावरच खेकसला, "ते सोडा हो." मग माझ्याकडं वळला.

"तुम्ही प्लॉट विकता ना? पाणी आहे तिथं?"

"माहितीपत्रकात आहे," मी म्हणाले.

"म्हणजे नाही."

तो हसला नाही. पण मी त्या क्षणी त्याच्यावर भाळले, हे आता सांगायला हरकत नाही. माझ्या आयुष्यातला तो पहिला माणूस, ज्यानं त्या कारंज्याला सरळ खोटं म्हटलं. बाकी सगळे माझ्याशी गोड बोलत होते आणि मी सगळ्यांवर संशय घेत होते. हा तर आधीच कडू होता! याच्यापाशी लपवायला काही शिल्लकच नसणार, असा हिशेब मी मांडला. एवढी संशयी बाई, पण तुसडेपणाला मी एकदम प्रामाणिकपणाचं सर्टिफिकेट देऊन मोकळी झाले.

त्यानंतर त्याचे फोन यायचे. कामापुरते. बोलणं संपलं की "ठेवतो"सुद्धा न म्हणता ठेवायचा. मी त्या तुटलेल्या फोनचेही अर्थ लावायचे. कामात असेल. भावना दाखवता येत नसतील. एकदा मला ताप आला म्हणून सांगितलं तर म्हणाला, "मग फोन कशाला उचलला?" मी दिवसभर या वाक्यात काळजी शोधत बसले, आणि सापडलीही. शोधायला बसलं की सगळं सापडतं. आईच्या सरदारानं मला ही विद्या फुकट शिकवली होती.

आई गप्प होती. मला वाटलं होतं ती हरखून जाईल, तिच्या पुस्तकातला माणूस पायांनी चालत दारात आला होता. पण ती माझ्याकडं वाकून वाकून बघायची, मी फोनवर असले की दाराशी घुटमळायची. आता ती माझ्यावर संशय घेत होती आणि मी तिच्यावर. हिला हेवा वाटतोय की काय, इथपर्यंत माझी मजल गेली.

पत्रिका जुळली. मग आम्ही घर बघायला करमाडला गेलो, बाबा, आई, मी आणि काकू. त्या वर्षांत आमच्याकडं पाहुण्यांनी जाताना आपलं पाणी बरोबर न्यायची पद्धत पडली होती. ज्याच्या घरी जायचं त्याच्या माठावर भार नको म्हणून. आईनं मोठा कॅन भरून गाडीत पायाशी ठेवला. काकू हसल्या. "अवो तिकडं काय कमी हाय? तळं भरलंय त्यांचं."

खरंच भरलेलं होतं. घराच्या मागं शेततळं, आत प्लास्टिकचा कागद, भोवती तारेचं कुंपण आणि फाटकाला कुलूप. बाहेर सगळी जमीन भाजून निघालेली, नजर जाईल तिथवर हिरवं असं काही नाही, आणि या कुंपणाच्या आत निळंशार पाणी. पलीकडं मोसंबीची झाडं, जगवलेली. त्याची आई आम्हाला कौतुकानं सगळं दाखवत होती. ती बोलताना सारखी त्याच्याकडं बघायची आणि तो बघेल तेव्हा थांबायची, हे मला नंतर आठवलं. त्या वेळी मी तळं बघत होते.

फाटक उघडं होतं, कारण तो आम्हाला बाग दाखवायला आत घेऊन आला होता. तेवढ्यात मागून वस्तीवरची एक बाई आत आली. कडेवर पोर नाही, हातात काठी नाही, गयावया नाही. रोज येत असावी तशी आली, काठावर बसली आणि हंडा बुडवला. हंडा भरून तिनं उचलला तेव्हा तो तिच्यापाशी गेला.

"काल सांगितलं होतं ना, उद्यापासून यायचं नाही?"

"आजच्या दिस भाऊ. टँकर नाय आला वस्तीवर."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं तिच्या कमरेवरचा हंडा दोन्ही हातांनी काढून घेतला, काठावर गेला, आणि सगळं पाणी परत तळ्यात ओतलं. सावकाश, थेंबभर बाहेर जाऊ न देता. मग रिकामा हंडा तिच्या हातात दिला.

"झाडांचं पाणी आहे," तो आम्हाला म्हणाला.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पाणी संपलं असतं तर बाग गेली असती, आणि मोसंबीची बाग काही वर्षभरात परत उभी राहत नाही. माझ्या मनात हे सगळं लगेच येऊन तयार झालं. शिवाय ओतताना त्याचा जबडा आवळलेला मी पाहिला होता. त्यालाही वाईट वाटतंय, मी स्वतःला सांगितलं. दाखवत नाही इतकंच. लग्नानंतर मी बोलले की हे फाटक उघडेल. मला ते दृश्य दिसायलाही लागलं होतं, तो किल्ली माझ्या हातात देतोय वगैरे.

आई वळली आणि गाडीकडं चालायला लागली. आम्हाला वाटलं, तिला ऊन लागलं. तिनं गाडीतून कॅन काढला, दोन्ही हातांनी धरून, अंगाला वजन झेपत नसताना, फरफटत आणला आणि त्या बाईच्या हंड्यात ओतला.  हंडा भरला, कॅन रिकामा झाला. आईनं पदरानं हात पुसले आणि त्याच्या आईला म्हणाली, "येतो आम्ही."

"अवो, चहा टाकलाय," ती बिचारी म्हणाली.

"नको," आई म्हणाली. अगदी त्याच्यासारखंच, नुसतंच नको.

घरी आल्यावर आमचं भांडण झालं. मी आयुष्यात आईवर एवढी ओरडले नव्हते. "तुझाच सरदार आहे तो!" मी म्हणाले. "पुस्तकात वाचताना हसतेस, आणि दारात आला तर पळून येतेस? तापट आहे, पण आतून मऊ आहे. तूच शिकवलंस ना हे?"

आई पलंगावर बसली होती, प्रवासाची साडीही न बदलता.

"सरदाराचं शेवटचं पान मी आधी वाचलेलं असतं," ती म्हणाली. "याचं कुणी वाचलंय? तू? वहिनींनी?"

"मी वाचीन. लग्न करून."

"आणि तसं पान नसलंच तर?"

मी दार आपटून गेले. बाबांनी काकूंना सांगितलं की दुसऱ्या ज्योतिषाला दाखवलं, पत्रिकेत जरा अडचण निघाली. नकार द्यायची आपल्याकडची ही रीत, ग्रहांवर ढकललं की माणसं सुटतात. काकूंचा त्यावर विश्वास बसला नाही, बसायचं कारणही नव्हतं. त्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं. मीही आईशी बोलणं टाकलं. घरात बाबा एकटेच सगळ्यांशी बोलायचे, त्यांच्या त्या ऐकू न जाणाऱ्या आवाजात. मनातून मी अजून होकाराच्याच बाजूला होते. त्याचा फोन आला तर उचलायचा आणि घरच्यांना न विचारता हो म्हणून टाकायचं, इथवर मी ठरवलं होतं. आईनं माझं वाटोळं केलं असं मला खरोखर वाटत होतं.

टँकर मात्र अबोला पाळत नव्हता. दुपारी सगळ्यांना त्याच पायऱ्यांवर यावं लागायचं. आई वरच्या पायरीवर, मांडीवर तेच पुस्तक. मी भिंतीला टेकून, मोबाइल हातात धरून. काकू खाली, आमच्याकडं पाठ करून. बाकीच्या बायकांना गोष्टीचा शेवट हवा होता, आई तो किती दिवस लांबवत होती. त्या दिवशी तिनं सांगून टाकला.

सरदार रात्री एकटाच किल्ल्यावरून उतरला. पहारेकऱ्यांना हाकललं. स्वतःच्या हातानं साखळदंड काढला, बारवेच्या पायऱ्या उतरला, पहिली घागर भरली आणि त्या मुलीच्या दारात नेऊन ठेवली. तिच्यापुढं मान खाली घातली. आईनं हे इतकं छान सांगितलं की पायऱ्यांवर कुणीतरी डोळे टिपले.  बघ, मी मनात म्हटलं, उघडलीच ना शेवटी. मग याला का नको एवढी सवलत?

काकूंना राहवलं नाही. पाठ न वळवता त्या म्हणाल्या, "ते समदं ठीक हाय. पन तवर गावानं काय पिलं?"

दोघीतिघी हसल्या. आई हसली नाही. तिनं पुस्तक उघडून मधली पानं चाळली, खरंच शोधत असल्यासारखी.

"ते नाही लिहिलेलं," ती म्हणाली.

"कामून नाय?"

"सरदाराची गोष्ट आहे ना ही, वहिनी. गावाची नाही."

ती माझ्याकडं बघत नव्हती, काकूंकडंही नाही. काकूंनी मात्र मान वळवली आणि आईकडं टक लावून पाहिलं. मग त्यांची नजर माझ्यावर आली आणि खाली गेली. त्यांच्या बांगड्यांचा आवाज थांबला.

मला हंड्यातून परत तळ्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू आला. करमाडला मी तो ऐकलाच नव्हता, मी त्याच्या जबड्याकडं बघत होते. आता तो ऐकला, आणि मी स्वतःला त्या घरात दिसले. कुंपणाच्या बाहेर नाही, आत. त्याच्या आईच्या शेजारी उभी. बोलताना त्याच्याकडं बघणारी आणि तो बघेल तेव्हा थांबणारी. तीही कधीतरी कुणाच्या शेवटच्या पानाची वाट बघत त्या घरात आली असेल. मला भीती वाटली. गोड माणसांची इतकी वर्षं बाळगली त्यापेक्षा किती तरी मोठी, आणि पहिल्यांदाच योग्य माणसाची.

हातातला फोन थरथरला. त्याचा होता. मी नुसती बघत राहिले, आणि तो वाजून वाजून आपोआप थांबला.

कोपऱ्यावर टँकरचा हॉर्न झाला. बायका उठल्या, ड्रम खडखडले, कुणीतरी कुणाच्या तरी पुढं घुसलं. आई गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागली. मी पुढं झाले, तिच्याआधी पाइप धरला आणि किती तरी दिवसांनी तिच्याशी बोलले.

"तू बस," मी म्हणाले. "मी भरते."